प्रौढशिक्षणाचा कस आणि देशोदेशींचे सहकार्य

८ सप्टेंबर हा दिवस आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव म्हणून साजरा करतो. नोव्हेनाच्या प्रार्थना, मतमाउलीच्या दर्शनाला निघालेले भाविक, फुले आणि मेणबत्त्या यांनी ते दिवस भरून जातात. त्याच तारखेला जगभर आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असते. १९६५ साली ८ सप्टेंबर रोजी तेहरान येथे निरक्षरतेच्या प्रश्नावर जगातील शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली. तिची आठवण म्हणून युनेस्कोने पुढच्याच वर्षी हा दिवस मुक्रर केला आणि १९६७ पासून तो पाळला जाऊ लागला. तेहरानच्या त्या परिषदेला पोप सहावे पॉल यांनी संदेश पाठवला होता. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो' या आपल्या परिपत्रकात त्यांनी त्या संदेशाचा पुन्हा उल्लेख केला आणि शिक्षणाचा अभाव हा अन्नाच्या अभावाइतकाच गंभीर असल्याचे प्रतिपादन केले.

या गोष्टीला आता साठ वर्षे होऊन गेली. युनेस्कोच्या अलीकडच्या अंदाजानुसार जगात आजही सुमारे ७४ कोटी तरुण व प्रौढ स्त्रीपुरुषांना साधे लिहितावाचता येत नाही. ही संख्या भारताच्या आजच्या लोकसंख्येच्या निम्म्याइतकी आहे आणि तिच्यात स्त्रियांचा वाटा जवळजवळ दोनतृतीयांश आहे. या साठ वर्षांत एका देशाने दुसऱ्या देशाला पैसा दिला, तज्ज्ञ पाठवले, पुस्तके छापून दिली, परिषदा भरवल्या. या सहकार्याने प्रौढशिक्षणाचा दर्जा खरोखर सुधारला का? सुधारला असेल तर कोठे, आणि कशामुळे? ज्या धर्मग्रामांत रात्रवर्ग चालतात, बचतगट चालतात, तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू या.

एक कबुली

आरंभी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आजच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत आदिवासी भगिनींसाठी आम्ही एक रात्रवर्ग सुरू केला होता. त्यासाठी परदेशातील एका संस्थेने उदार मनाने साहाय्य दिले होते. कंदील आले, पाट्या आल्या, सुबक छपाईची पुस्तके आली. पहिल्या आठवड्यात २४ स्त्रिया आल्या. वर्ग आम्ही दिवाळीनंतर सुरू केला, कारण तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि वाट बरी असते. परंतु दिवाळीनंतरच त्या भागातील कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी घरदार सोडून जातात, ही गोष्ट योजना आखताना आमच्यापैकी कोणीही विचारात घेतली नाही. नाताळपर्यंत वर्गात पाच जणी उरल्या.

त्या पाच जणींना आम्ही कमळातला 'क' आणि बदकातला 'ब' शिकवत होतो. त्यांच्यातील एका वयस्क बाईने एके रात्री विचारले, "फादर, मुकादमाची वही वाचायला कधी शिकवाल?" तिच्या मुलाने भट्टीवर जाण्यापूर्वी उचल घेतली होती. ती किती होती आणि किती फिटली, हे केवळ त्या वहीला ठाऊक होते. तिचा प्रश्न मला समजला, पण आमच्या पुस्तकात तो धडा नव्हता आणि पुस्तक बाजूला ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही.

वर्ष संपल्यावर अहवाल पाठवायचा होता. छापील तक्त्यात नावनोंदणी किती झाली एवढेच विचारले होते. आम्ही २४ हा आकडा भरला. तो खोटा नव्हता, पण खरेही काही सांगत नव्हता. किती जणी वाचू लागल्या, हे देणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्याने सांगितले नाही. प्रौढशिक्षणाच्या गुणवत्तेचा प्रश्न नेमका येथे सुरू होतो.

गुणवत्ता म्हणजे काय?

शाळेतील मूल आईवडिलांच्या आज्ञेने वर्गात बसते. प्रौढ मनुष्य आपल्या इच्छेने येतो आणि उपयोग दिसला नाही तर काही न बोलता येणे थांबवतो. त्याला अनुभव असतो, संसार असतो, देणी असतात, आणि आपल्याला अक्षर येत नाही याचा संकोचही असतो. म्हणून मुलांच्या शिक्षणाची मोजपट्टी त्याला लावून चालत नाही.

युनेस्कोच्या पुढाकाराने प्रौढशिक्षणाच्या जागतिक परिषदा साधारणपणे दर बारा-पंधरा वर्षांनी भरत आल्या आहेत. पहिली १९४९ साली डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे झाली. त्यानंतर माँट्रियल (१९६०), टोकियो (१९७२), पॅरिस (१९८५), हॅम्बर्ग (१९९७), ब्राझीलमधील बेलेम (२००९) आणि मोरोक्कोतील माराकेश (२०२२) अशी ही मालिका आहे. एल्सिनोरला प्रामुख्याने पाश्चात्त्य देश जमले होते. पुढे आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रे आली, तेव्हा चर्चेचा रोखही बदलला. पॅरिस परिषदेने शिकण्याचा अधिकार हा मानवी अधिकार असल्याची घोषणा केली. बेलेमच्या परिषदेने धोरण, प्रशासन, अर्थसाहाय्य आणि सर्वांचा सहभाग यांच्या जोडीला गुणवत्ता हा एक स्वतंत्र विषय मानला. शिकणाऱ्याच्या जीवनाशी शिक्षणाचा संबंध असावा, ते सर्वांपर्यंत पोहोचावे, त्याचा परिणाम दिसावा आणि शिकवणाऱ्यांना योग्य प्रशिक्षण व मोबदला मिळावा, अशा कसोट्या तेथे मांडल्या गेल्या.

या कसोट्या कागदावर सोप्या दिसतात. त्या कशा सिद्ध झाल्या हे पाहायचे तर तीन देशांचा इतिहास पाहिला पाहिजे. त्यांपैकी एकात सहकार्य फळाला आले, एकात ते अपयशी ठरले, आणि एका ठिकाणी घेण्यासाठी आलेलेच पुढे शिकवणारे झाले.

टांझानिया: कापसाचा धडा

तेहरान परिषदेनंतर युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी मिळून एक प्रायोगिक जागतिक साक्षरता कार्यक्रम हाती घेतला. ११ देशांत तो राबवला गेला आणि त्यांत भारतही होता. आपल्याकडे नव्या सुधारित बियाण्यांच्या प्रसाराशी साक्षरतेची सांगड घालणारी किसान साक्षरता योजना त्याच सुमारास सुरू झाली. अक्षरज्ञान हे माणसाच्या रोजच्या कामाशी जोडलेले असावे, ही त्यामागील कल्पना होती. १९७६ साली या कार्यक्रमाचे परखड मूल्यमापन प्रसिद्ध झाले. अपेक्षेच्या मानाने यश अल्प आहे, आणि साक्षरता ही केवळ तंत्राची वा उत्पादनवाढीची बाब मानल्याने ती पांगळी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. स्वतःच्या कामातील उणिवा स्वतःच छापण्याचा हा प्रामाणिकपणा त्या सहकार्याची एक मोठी जमेची बाजू होय.

या ११ देशांपैकी टांझानियाची कथा मात्र वेगळी आहे. तेथील राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे हे पेशाने शिक्षक. त्यांना लोक 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणत. ते श्रद्धावान कॅथोलिक होते आणि त्यांना संतपद मिळावे यासाठीची प्रक्रिया ख्रिस्तसभेने सुरू केली आहे. आज शिकलेली मुले देशाच्या कारभारात येईपर्यंत अनेक वर्षे जातील, तोपर्यंत देश प्रौढांच्याच हातांवर चालणार आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९७० हे वर्ष त्यांनी प्रौढशिक्षण वर्ष म्हणून जाहीर केले.

व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा भागात युनेस्कोचा प्रकल्प चालला होता. तेथे एकच पुस्तक सर्वांना दिले गेले नाही. कापूस पिकवणाऱ्यांसाठी कापसाचे, केळीच्या बागाइतदारांसाठी केळीचे, मच्छिमारांसाठी मासेमारीचे, गुरे पाळणाऱ्यांसाठी गुरांचे अशी वेगवेगळी पुस्तके तयार झाली. प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा परदेशी तज्ज्ञ निघून गेले, पण काम थांबले नाही. देशाच्या शासनाने ती पद्धत आपलीशी करून सर्व प्रांतांत नेली. नवसाक्षरांसाठी 'एलिमू हाइना म्विशो' म्हणजे 'शिक्षणाला अंत नाही' या नावाचे ग्रामीण वृत्तपत्र निघाले. १९७३ साली 'म्तू नि आफ्या' ही आरोग्याची मोहीम झाली. गावोगावी लोक रेडिओभोवती गट करून बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या गावात काय करायचे ते ठरवत. सुमारे ७५,००० गटप्रमुख या मोहिमेसाठी तयार केले गेले आणि सुमारे २० लाख लोकांनी तिच्यात भाग घेतला. लोकांनी शौचकूप खणले, डासांची डबकी बुजवली.

स्वीडनचे साहाय्यही या कामी आले. खेड्यातील प्रौढांसाठी निवासी लोकविद्यालये चालवण्याची परंपरा मूळ डेन्मार्कची. धर्मोपदेशक ग्रुंटविग यांच्या विचारांतून तेथे १८४४ साली पहिले लोकविद्यालय निघाले आणि पुढे ती कल्पना स्वीडनमध्ये रुजली. टांझानियाने १९७५ पासून आपल्या गरजेप्रमाणे तिला नवे रूप दिले आणि लोकविकास महाविद्यालये सुरू केली. स्वीडनने पैसा व अनुभव दिला, परंतु काय शिकवायचे हे टांझानियाने ठरवले. शिक्षणाची भाषा स्वाहिली होती. ती सर्वांची मातृभाषा नव्हती. तरीही बाजारात, प्रवासात आणि सभेत कानावर पडणारी ती सर्वांच्या ओळखीची भाषा होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्या देशातील दोनतृतीयांशांहून अधिक प्रौढ निरक्षर होते. १९८६ च्या सुमारास हे प्रमाण, तेथील शासनाच्या आकडेवारीनुसार, एकदशांशाच्या आसपास आले. पुढे आर्थिक अरिष्ट ओढवले, खर्चाला कात्री लागली, वाचनसाहित्य आटले आणि मिळवलेले बरेचसे पुन्हा निसटले. साक्षरता ही एकदा बांधून झालेली इमारत नसते. तिची मशागत शेतासारखी दरवर्षी करावी लागते.

गिनी-बिसाऊ: परक्या भाषेचा अडसर

दुसरी कथा आफ्रिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावरची आहे. तिचा संबंध पाउलो फ्रेरे या विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत थोर प्रौढशिक्षणतज्ज्ञाशी आहे. फ्रेरे ब्राझीलचे, कॅथोलिक श्रद्धेत वाढलेले. १९६३ साली आंगिकोस या गावी त्यांनी सुमारे ३०० कामकरी लोकांना ४० तासांच्या वर्गांतून वाचायला शिकवले. लोकांच्या बोलण्यातून त्यांच्या जीवनाशी निगडित असे मोजके शब्द ते प्रथम गोळा करत. 'वीट' हा त्यांच्या पद्धतीतील अशाच शब्दांपैकी एक. विटेवर आधी बोलणे होई: ती कोण घडवतो, तिच्या घरात कोण राहतो? मग त्या शब्दाची अक्षरे सुटी होत आणि त्यांतून नवे शब्द जुळत. १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली, फ्रेरे यांना कैद झाली आणि पुढे देश सोडावा लागला. १९७० पासून दशकभर ते जिनिव्हा येथे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या संस्थेत शिक्षणविषयक काम पाहत होते.

पोर्तुगालच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या गिनी-बिसाऊने त्यांना १९७५ साली साहाय्यासाठी बोलावले. कार्यकर्त्यांत निष्ठा होती, शासनाची इच्छा होती, मार्गदर्शक जगन्मान्य होता. तरीही बहुसंख्य शिकणाऱ्यांच्या हाती साक्षरता आली नाही. त्याला कारणे अनेक होती, परंतु सर्वांत मोठे कारण भाषेचे होते. वर्ग पोर्तुगीज भाषेत चालत आणि ती भाषा देशातील फार थोड्यांना येत होती. लोक घरी बालांता, फुला, मान्जाकू अशा भाषा बोलत आणि आपापसांत क्रिओल वापरत. जी भाषा कानाला अपरिचित, तिची अक्षरे डोळ्यांना अर्थ देत नाहीत. फ्रेरे यांनी स्वतः हा धोका ओळखला होता आणि तेथील शिक्षणप्रमुखांना लिहिलेल्या पत्रांत भाषेचा प्रश्न मांडला होता. पण निर्णय झालेला होता.

लोकांचे शब्द आधी ऐका, असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या मार्गदर्शनाखालीच लोकांच्या भाषेबाहेर वर्ग चालावेत, हा केवढा दैवदुर्विलास! पद्धत कितीही उत्तम असो, बोलावणाऱ्याने आणि येणाऱ्याने शिकणाऱ्याची जीभ विचारात घेतली नाही तर ती निष्फळ ठरते. फ्रेरे यांनी ही पत्रे पुढे प्रसिद्ध केली आणि या विषयावर अखेरपर्यंत मोकळेपणाने लिहिले. त्यांच्या अपयशातूनही जग शिकले ते या मोकळेपणामुळे.

अँटिगोनिश: घेणारे देणारे झाले

तिसरी कथा दोन कॅथोलिक धर्मगुरूंची आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात गेल्या शतकाच्या आरंभी मच्छिमार, शेतकरी आणि कोळसाखाणींतील कामगार कर्जात बुडालेले होते. फादर जिमी टॉम्पकिन्स यांनी १९२१ साली एक पुस्तिका लिहून विद्यापीठाने लोकांकडे गेले पाहिजे असे सुचवले. पुढे त्यांची नेमणूक कॅन्सो या मच्छिमार वस्तीत झाली. त्यांचे नातलग फादर मोझेस कोडी यांच्या नेतृत्वाखाली १९२८ साली अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचा विस्तार विभाग सुरू झाला.

त्यांची रीत साधी होती. आधी गावाची मोठी सभा, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे लहान अभ्यासगट. स्वयंपाकघरातील टेबलाभोवती आठदहा जण बसत. आपल्या माशाला इतका कमी भाव का मिळतो, हा त्यांचा पहिला धडा असे. त्या अभ्यासातून पतसंस्था निघाल्या, ग्राहक भांडारे निघाली, शेवंडे डबाबंद करणारे सहकारी कारखाने निघाले. शिकणे आणि जगणे यांच्यात त्यांनी अंतर ठेवले नाही.

वसईच्या वाचकांना ही वाट अनोळखी वाटणार नाही. बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक १९१८ साली, म्हणजे अँटिगोनिशच्या विस्तार विभागाच्या दहा वर्षे आधी, स्थापन झाली आणि तिच्या पाठीशीही एका धर्मगुरूची, मॉन्सिग्नोर मोनीस यांची, प्रेरणा होती. सहकाराचा विचार मूळ युरोपातून आला. वसईच्या माणसाने तो आपल्या गरजेप्रमाणे घडवला.

अँटिगोनिशचे काम पाहण्यासाठी देशोदेशींचे लोक येऊ लागले. १९५९ साली फादर कोडी यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील हजारो कार्यकर्ते, धर्मगुरू आणि धर्मभगिनी तेथे शिकून आपापल्या देशी परतले. या संस्थेने छापील अभ्यासक्रमाची निर्यात करण्यापेक्षा माणसे घडवण्यावर भर दिला. प्रत्येक जण आपल्या गावाचा प्रश्न घेऊन येई आणि इतरांच्या प्रश्नांच्या उजेडात तो पुन्हा पाही.

ज्ञानाचा प्रवास उलट दिशेनेही झाला. बड हॉल हे तरुण अभ्यासक १९७० च्या दशकाच्या आरंभी टांझानियात दार-एस-सलाम येथील प्रौढशिक्षण संस्थेत काम करत होते. गावकऱ्यांची माहिती बाहेरच्याने गोळा करण्याऐवजी गावकऱ्यांनी स्वतःच आपल्या स्थितीचा शोध घ्यावा, हा सहभागी संशोधनाचा विचार तेथे आकाराला आला. तो त्यांनी कॅनडात नेला. भारतात राजेश टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'प्रिया' ही संस्था स्थापून तो पुढे नेला. म्हणजे आफ्रिकेच्या खेड्यात उगवलेले बी श्रीमंत देशांतही रुजले आणि आपल्याकडेही आले. याला मी खरे सहकार्य म्हणेन, कारण त्यात कोणी कायमचा दाता नसतो आणि कोणी कायमचा याचक नसतो.

आजची साधने

आज या सहकार्याला निश्चित यंत्रणा आहे. हॅम्बर्ग येथील युनेस्कोची आजीवन शिक्षण संस्था सदस्य राष्ट्रांकडून माहिती मागवते आणि तीवरून जागतिक अहवाल तयार करते. २००९ पासून २०२२ पर्यंत असे पाच अहवाल निघाले. २०१९ च्या अहवालातून असे दिसले की सुमारे एकतृतीयांश देशांत पाच टक्क्यांहूनही कमी प्रौढ कोणत्याही शिक्षणात सहभागी होतात. असा आरसा समोर धरला गेला की कोणत्याही शासनाला आत्मसंतुष्ट राहणे कठीण जाते.

दुसरे साधन शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे आहे. प्रौढांना शिकवणारा कार्यकर्ता बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतो आणि त्याला तयारीविना उभे केले जाते. जर्मनीतील दोन संस्थांनी मिळून २०१३ साली प्रौढशिक्षकांसाठी एक समान अभ्यासचौकट मांडली. प्रौढ मनुष्य कसा शिकतो, त्याच्याशी संवाद कसा करावा, वर्गाची आखणी आणि परिणामाची तपासणी कशी करावी, असे तिचे भाग आहेत. प्रत्येक देशाने आपली उदाहरणे व आपली भाषा तिच्यात भरायची असते.

तिसरे साधन म्हणजे एकाच वेळी अनेक देशांत प्रयोग करून त्यांची तुलना करणे. १९९३ ते १९९५ या काळात 'ॲक्शनएड' संस्थेने युगांडा, बांगलादेश आणि एल साल्वादोर या तीन देशांत 'रिफ्लेक्ट' ही पद्धत तपासून पाहिली. तिच्यात छापील प्रवेशिका नसते. गावकरी जमिनीवर खडे, पाने, काड्या मांडून आपल्या गावाचा नकाशा काढतात, कोणत्या महिन्यात काम असते व कोणत्या महिन्यात उपासमार, याचे कोष्टक मांडतात. मग तेच कागदावर उतरते आणि त्यातील शब्द हाच धडा होतो. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या वर्गांशी तुलना करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि नंतर ती पद्धत अनेक देशांत पोहोचली. आमच्या त्या डोंगरातील वर्गात पहिल्या रात्री असे कोष्टक मांडले असते, तर दिवाळीनंतर गाव रिकामे होते हे आम्हाला त्याच रात्री कळले असते.

आपल्या धर्मग्रामांत

आता आपल्याकडे वळू या. केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखला गेला असून 'उल्लास' या नावाने तो ओळखला जातो. १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावे, अशी त्याची रचना आहे. साक्षरतेचे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले की राज्य पूर्ण साक्षर मानले जाते आणि २०२५ साली गोव्याची तशी घोषणा झाली. ही अभिनंदनीय गोष्ट आहे. मात्र टांझानियाचा अनुभव लक्षात घेता, घोषणेनंतरची दहा वर्षे अधिक कसोटीची असतात, हेही स्मरणात ठेवले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण, निवृत्त शिक्षक, महिला मंडळे यांनी या कार्यात जरूर सहभागी व्हावे. परदेशातून साहाय्य मिळत असेल तर तेही कृतज्ञतेने स्वीकारावे. परंतु वर्ग सुरू करण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. शिकणाऱ्यांना नेमके काय वाचायचे आहे, हे आपण त्यांना विचारले आहे का? वर्गाचे दिवस त्यांच्या कामाच्या हंगामाशी जुळतात का? वारली, कातकरी भगिनींशी आपण त्यांच्या बोलीत आरंभ करतो, की प्रमाण मराठीचा डोंगर पहिल्याच दिवशी पुढे उभा करतो? शिकवणाऱ्याला आपण काही तयारी दिली आहे का? वर्ग संपल्यावर वर्षभराने किती जण वाचू शकतात, हे पाहण्याची आणि जसे असेल तसे लिहिण्याची आपली तयारी आहे का? अखेरचा प्रश्न देणाऱ्या संस्थेपुढेही नम्रपणे ठेवावा. अपयश प्रामाणिकपणे कळवले तर मदत थांबेल अशी भीती घेणाऱ्याला वाटत असेल, तर त्या नात्याला सहकार्य हा शब्द लागू पडत नाही.

एमाऊसच्या वाटेवरील प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. खिन्न होऊन चाललेल्या दोन शिष्यांना उत्थित प्रभू भेटला. त्याला सर्व काही ठाऊक होते, तरी त्याने प्रथम त्यांना विचारले की तुमचे कशाविषयी बोलणे चालले आहे. त्याने त्यांचे सारे म्हणणे ऐकून घेतले, त्यांच्या पावलाने तो चालला, आणि मग शास्त्राचा अर्थ उलगडून सांगितला. प्रौढांना शिकवण्याचा याहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

त्या रात्री मुकादमाच्या वहीविषयी विचारणारी ती माउली आज हयात आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या नातवंडांच्या पिढीतही वीटभट्टीवर जाणारे आहेत, उचल आहे आणि वहीही आहे. पुढच्या ८ सप्टेंबरला मरियामातेच्या चरणी फुले वाहताना आपल्या धर्मग्रामातील एखाद्या प्रौढ स्त्रीला एवढेच विचारू या, की तुला काय वाचायचे आहे. तिने सांगितलेला शब्द हा आपल्या वर्गाचा पहिला धडा असावा.